फाटा आणि सांधा

कुर्डुवाडीचं स्टेशन सुरुवातीला कुर्डुवाडीचं नव्हतंच. त्याचं नाव होतं ‘बार्शी रोड’. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५९ साली माढा तालुक्यातल्या या माळावर पोचला आणि १८६० मध्ये सोलापूरला टेकला. बार्शी काही वाटेत आली नाही. ती ईशान्येला वीस-बावीस मैलांवर राहून गेली. अशा वेळी रेल्वेवाले गावाचं नाव घेत आणि पुढे ‘रोड’ लावत. लातूर रोड, जत रोड ही नावं त्याच कुळातली. नवखा प्रवासी ‘बार्शी’ वाचून उतरे आणि बार्शी कुठे दिसते ते शोधत बसे. जाणता मात्र स्टेशनाबाहेर पडून थेट बैलगाडी ठरवायला लागे.

म्हणजे कुर्डुवाडीचा पहिला फाटा रुळांचा नव्हता, गाडीवाटेचा होता. बार्शी ही कापसाची जुनी पेठ. बालाघाटाच्या रांगांपलीकडून, तेव्हाच्या निजामी मुलखातून, माल तिथे उतरायचा आणि बैलगाड्यांनी बार्शी रोडला येऊन मुंबईकडे रवाना व्हायचा. काळ्या रानातून जाणारी ही वाट उन्हाळ्यात धुळीची आणि पावसाळ्यात चिखलाची. दुसरीकडे, दक्षिणेला तीस-बत्तीस मैलांवर पंढरपूर. आगगाडीने येणारे वारकरीही याच माळावर उतरत आणि पुढे गाडीने किंवा पायी चंद्रभागा गाठत. एका सरळ रेषेत धावणाऱ्या रुळांच्या दोन अंगांना दोन ओढी होत्या, एक बाजाराची, एक देवाची. रुळांच्या शाखा नंतर फुटल्या त्या याच दोन दिशांना.

त्या फोडणारा माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. जन्म १८५७ चा. १८८२ मध्ये तो जीआयपीत इंजिनांचा तपासनीस म्हणून हिंदुस्थानात आला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या डोक्यात छोट्या रेल्वेचं वेड शिरलं. हा गृहस्थ एकमार्गी कधीच नव्हता. पुढे त्याने विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली आणि घोड्यांना कसं वाढवावं, शिकवावं यावर एक आख्खं पुस्तकही लिहिलं. पण त्याचं नाव टिकलं ते बार्शीमुळे. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन अशी गाडी सुरू झाली. ‘बार्शी लाईट’ हे नाव तेव्हापासून या भागाच्या तोंडी बसलं ते बसलंच.

‘लाईट’ म्हणजे इथे हलकी. जीआयपीच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. कॅल्थ्रॉपने घेतलं अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी. रूळही हलके, एका यार्डाला ३० पौंड वजनाचे. त्याची खरी युक्ती रुळांच्या अंतरात नव्हती, वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा नियम. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना चाकांच्या सहा जोड्या होत्या. त्यांतल्या चार जोड्या ओढणाऱ्या. मालडबेही दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांचे, लांब आणि बोगीवर बसवलेले. भार अनेक चाकांवर पसरला की हलका रूळ पुरतो, आणि हलका रूळ पुरला की बांधकाम स्वस्त पडतं. आज हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी अरुंद रेल्वे म्हणजे खाणीतली किंवा मळ्यातली खेळण्यासारखी गाडी अशीच समजूत होती. बार्शीने ती बदलली आणि जगभरच्या छोट्या रेल्वे बांधणाऱ्यांनी तिचा दाखला घेतला.

पुढचा विस्तार भराभर झाला. १९०६ मध्ये दक्षिणेची शाखा पंढरपूरला गेली. बार्शीकडची शाखा १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये निजामच्या राज्यात लातूरपर्यंत पोचली. पंढरपूरची शाखा १९२७ साली मिरजेला जाऊन भिडली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. आता नकाशा उघडून पाहा. मधोमध कुर्डुवाडी, एक पाय ईशान्येला लातूरकडे पसरलेला, दुसरा दक्षिणेला वळून मिरजेकडे गेलेला.

पाय पसरण्याची ही उपमा माझी नाही, लॅटिनची आहे. इंग्रजीत एक अनवट शब्द आहे, ‘डायव्हॅरिकेट’. नाम करायचं तर ‘डायव्हॅरिकेशन’. अर्थ, दोन वाटा किंवा दोन फांद्या एकमेकींपासून ऐसपैस कोनात दूर जाणं. रोजच्या बोलण्यात तो इंग्रजही वापरत नाहीत. वनस्पतिशास्त्र आणि वैद्यक यांनीच तो जिवंत ठेवला आहे. बाळंतपणानंतर पोटावरचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून अलग होतात, त्याला डॉक्टर हेच नाव देतात. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या-सतराव्या शतकांत शिरला, तो लॅटिनमधल्या पाय फाकवून उभं राहण्याच्या क्रियापदावरून. त्या क्रियापदाच्या मुळाशी आहे ‘वारुस’, म्हणजे वाकड्या पायांचा, आपल्याकडे ज्याला फेंगडा म्हणतात तसा. रोमन लोक अशी शारीरिक व्यंगं बिनदिक्कत आडनावासारखी लावत. इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन पलटणी गमावून बसलेला सेनापती वारुस हा त्याच नावाचा.

याच मुळाचा दुसरा वंशज जास्त मजेदार आहे. इंग्रजीत ‘प्रिव्हॅरिकेट’ म्हणजे धड खरं नाही, धड खोटं नाही असं गोलगोल बोलणं. रोमन न्यायालयात एका पक्षाची फी घेऊन आतून दुसऱ्या पक्षाला सामील होणाऱ्या वकिलाला याच घराण्यातलं नाव होतं. दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारा! आपण त्याला दोन डगरींवर पाय ठेवणारा म्हणतो. हे दोन समाज एकमेकांना न विचारता त्याच चित्रापाशी पोचले, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. माणसाला फाटा प्रथम कळला असेल तो स्वतःच्या कमरेखाली.

शब्द अनवट असला तरी त्याचं एक रूप मराठी अंगणात रोज फुलतं. तगर. तिचं शास्त्रीय नाव टॅबर्नेमॉन्टाना डायव्हॅरिकाटा. यातला पहिला भाग सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आला. दुसरा भाग लिनियसने १७५३ साली या झाडाला दिला, तोच आपला फाकलेला. देवाला फुलं खुडताना कुणी तगरीच्या फांद्यांकडे पाहत नाही, पण एकदा पाहण्यासारख्या आहेत. फांदी थोडी वाढते आणि टोकाला दुभागते. त्या दोन्ही पुन्हा वाढतात आणि पुन्हा दुभागतात. पांढऱ्या चक्रीसारख्या फुलांचे झुबके येतात ते त्या दुबेळक्यांतून. म्हणून तगर उंच जाण्याऐवजी रुंद, गोल, दाट होते.

झाडाच्या बाबतीत हे फाकणं गुणाचं असतं. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्याला विचारा, छाटणी करताना तो कुठली फांदी ठेवतो. खोडाला चिकटून उभी चढणारी तो काढतो आणि मोकळ्या कोनात बाहेर गेलेली राखतो. एक कारण ऊन आणि हवा आत शिरावी हे. दुसरं कारण बेचक्याच्या आत दडलेलं असतं. दोन फांद्या अगदी अरुंद कोनात वाढल्या की त्यांच्या मधे साल दबून अडकते. बाहेरून त्या एकजीव दिसतात, पण आत लाकडाला लाकूड मिळालेलं नसतं. फळांचा भार आला किंवा वळवाचा वारा सुटला की झाड नेमकं तिथेच उभं फाटतं. कोन रुंद असला तर साल बाहेर राहते, खोडाचे आणि फांदीचे तंतू एकमेकांत गुंतून वाढतात आणि जोड बळकट होतो.

रेल्वेचं गणित याच्या बरोबर उलटं. गाडीला रुंद कोन परवडतच नाही. रूळ फुटतात त्या जागेला रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणतात आणि तो बदलणारा तो सांधेवाला. सांध्यात दोन निमुळत्या जिभा असतात. त्या सरकवून एका किंवा दुसऱ्या रुळाला चिकटवल्या की चाकाची कड त्यांच्या धाकाने ठरल्या वाटेला लागते. थोडं पुढे गेल्यावर एका वाटेचा रूळ दुसऱ्या वाटेच्या रुळाला छेदतो. चाकाची कड पलीकडे जायची तर तिथे रुळात खाच ठेवावीच लागते. सांधा बदलताना जो खडखडाट ऐकू येतो त्यात या खाचेचा वाटा मोठा. आपल्याकडे प्रवासी गाड्यांसाठी नेहमीचा सांधा असतो तो १ ला १२ या प्रमाणाचा. म्हणजे बारा हात पुढे जाताना एक हात बाजूला. कोन होतो पाच अंशांहूनही कमी. मालधक्क्याच्या यार्डात १ ला साडेआठ चालतो, तिथे गाडी अगदी हळू न्यावी लागते. कोन वाढला की वेग उतरतो, हा इथला कायदा. नकाशावर लातूर आणि मिरज कितीही फाकलेले दिसोत, सांध्यापाशी प्रत्येक शाखा आधी मुख्य मार्गाला बिलगून चालते आणि मग सावकाश अंग काढून घेते.

आणि इथेच बार्शी लाईटची खरी गोम आहे. नकाशावर ती जीआयपीची शाखा. प्रत्यक्षात या दोन रेल्वेंमध्ये असा सांधा असणंच शक्य नव्हतं. साडेपाच फुटी रुळांवरचा डबा अडीच फुटी रुळांवर कुठल्याच सांध्याने जाणार नाही. झाडाच्या फांदीत खोडाचा रस चढतो. या शाखेत खोडाचं एक चाकसुद्धा चढत नव्हतं. जोड होता तो माणसांचा. बार्शीकडून आलेली कापसाची गाठ छोट्या डब्यातून हमालाच्या पाठीवर यायची आणि तिथून मोठ्या डब्यात जायची. पंढरीचा वारकरी मुंबईच्या गाडीतून उतरून वळकटी, टाळ आणि पोरंबाळं सावरत छोट्या गाडीकडे धावायचा. ती चुकली तर पुढची येईपर्यंत फलाटावर मुक्काम.

कॅल्थ्रॉपला ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या डोंगरात १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर त्याने वेगळा तोडगा काढला. खास बनवलेल्या बुटक्या छोट्या गाड्यावर मोठ्या रेल्वेचा आख्खा डबाच चढवायचा आणि मालासकट घेऊन जायचं! कल्पना बिनतोड, पण ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. बार्शी लाईट मात्र ही अडचण पोटात घालून शंभरी ओलांडून गेली. तोडगा निघालेली शाखा मेली आणि अडचणीची शाखा जगली, यावरून अभियंत्यांनी काय घ्यायचं ते घ्यावं. माझ्या मते कारण साधं आहे. स्टॅफर्डशरच्या त्या दरीत मोटारी आल्या आणि माल थोडा होता. इकडे कापूस, धान्य आणि विठोबा अशी तीन गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या हटली नाहीत.

कुर्डुवाडी नावाची वस्ती वाढली ती या तुटलेल्या जोडावर. जिथे माल आणि माणसं एका गाडीतून दुसरीत जातात तिथे हमाल लागतात, गोदामं लागतात, खानावळी आणि चहाची दुकानं लागतात, रात्री पडायला जागा लागते. छोट्या रेल्वेची इंजिनं मोठ्या रेल्वेच्या कारखान्यात दुरुस्तीला जाऊ शकत नाहीत, म्हणून स्वतंत्र वर्कशॉप लागतं. ते कुर्डुवाडीत उभं राहिलं. त्यातून फिटर, लोहार, सुतार, फायरमन अशी रेल्वेवाल्यांची घरं गावात स्थिरावली. पुणे-सोलापूर हमरस्ता तर टेंभुर्णीवरून परस्पर जातो, कुर्डुवाडी त्याच्या आड येत नाही. हे माढा तालुक्याचं मुख्य गाव नव्हे, जुनी पेठ नव्हे, तीर्थ नव्हे. माळावरचं एक स्टेशन नगरपालिकेचं शहर झालं ते दोन गाड्या एकमेकींना जुळत नव्हत्या म्हणून. सगळ्या जंक्शनांचं असं होत नाही. दौंडला गाड्या वळतात, इंजिन बदलतं, पण प्रवासी जागचा हलत नाही. कुर्डुवाडीत तो उतरायचाच.

लिओनार्दो दा विंचीने झाडांबद्दल एक निरीक्षण लिहून ठेवलं आहे. कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकीच भरते. अगदी तंतोतंत नाही, पण बऱ्याच झाडांना ते लागू पडतं, आणि कारणही उघड आहे. जेवढं खालून वर जातं तेवढंच वाटलं जातं. बार्शी लाईटने हा हिशेब आषाढी-कार्तिकीला दरवर्षी मोडला. मोठ्या गाड्या भरभरून माणसं आणून ओतायच्या आणि अडीच फुटी फांदीला ती झेपायची नाहीत. मग दारात लोंबकळणारे, टपावर बसणारे, सगळे प्रकार आले.

तसं पाहिलं तर बार्शी लाईटला शाखा म्हणावं की उपनदी, हाही प्रश्नच आहे. झाडाची फांदी खोडाकडून बाहेर देते, उपनदी मुख्य नदीत आणून घालते. नकाशावर दोघींची रेघ सारखीच, फरक फक्त प्रवाह कुठल्या दिशेने वाहतो याचा. कापसाच्या दृष्टीने बार्शी लाईट उपनदी होती. रेल्वेच्या भाषेतही अशा मार्गांना पोसणारा, भर घालणारा मार्ग असंच म्हणत. वारकऱ्यांच्या दृष्टीने ती फांदी होती, मुंबई-पुण्याहून आलेली गर्दी पंढरपुराकडे वाटणारी. सोमवारी उपनदी आणि एकादशीला फांदी असं एकाच रुळाचं होत होतं.

खऱ्या नद्या या तालुक्याच्या दोन अंगांनी वाहतात. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना. कुर्डुवाडी त्यांच्या मधल्या माळावर. त्या एकमेकींना भेटतात पार खाली, दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. नद्या जिथे मिळतात ती जागा आपण पवित्र मानतो, तिथे देऊळ बांधतो, लेख कोरतो. रस्ते जिथे फुटतात तिथे चहाची टपरी टाकतो आणि त्या जागेला नुसतं फाटा म्हणतो. हा पंक्तिप्रपंच मला नेहमी थोडा अन्यायाचा वाटत आला आहे.

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाईट सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. मालक बदलला, रूळ तेच राहिले. मिरजेला तर पुढे अशी अवस्था आली की मोठी, मीटरची आणि छोटी अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच गावात नांदत होते. शेवटी १९९२ साली रेल्वेने सगळीकडे एकच माप करायचं धोरण हाती घेतलं. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग २००१-०२ च्या सुमारास मोठा झाला, लातूरकडचा २००८ पर्यंत, आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. लातूरहून मुंबईला जाणारी एक्स्प्रेस आता कुर्डुवाडीला थांबते आणि प्रवासी झोपेतून उठत नाही. १८९७ पासून शाखा म्हणवणारी ही रेल्वे रुळाला रूळ जोडून खरी शाखा झाली ती एकविसाव्या शतकात, आणि ती झाली त्या दिवशी गाव ज्याच्यावर वाढलं होतं ते उतरणं-चढणं संपलं. छोट्या मापाचे रूळ गेले तरी वर्कशॉप राहिलं. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीसाठी घाटाखालून इतक्या लांब इथेच येत, कारण अरुंद गाडीचा हात बसलेले कारागीर इथे होते.

रुंदीकरणात लातूरच्या फाट्याने आपली जुनी वाटही थोडी सोडली. कॅल्थ्रॉपची गाडी येडशीवरून जायची आणि धाराशिव हे जिल्ह्याचं गाव बाजूला राहायचं, जशी १८५९ मध्ये बार्शी राहिली होती. नवा मार्ग वळवून धाराशिवला नेला. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम चालू आहे. तो पुरा झाला की धाराशिवला फाटा फुटेल, आणि तिथून सोलापूरला निघालेल्या माणसाला कुर्डुवाडीचा वळसा घ्यावा लागणार नाही.